मुलाच्या घरच्या वैद्यकीय उपकरणांसाठी बॅटरीची पेटी: हिशेब, जोडणी आणि चाचणी

वीज गेल्यावर किंवा मुलाला घेऊन बाहेर पडल्यावर सक्शन मशीन (घशातला, श्वासमार्गातला स्राव ओढणारं), फीडिंग पंप आणि पल्स ऑक्सिमीटर काही तास चालत राहावेत, एवढ्यासाठी घरी बॅटरीची पेटी बांधता येते. काम अवघड नाही. पण बहुतेक जण सगळा विचार बॅटरी किती मोठी घ्यायची यावरच खर्च करतात, आणि पेटी ऐन वेळी दगा देते ती भलत्याच कारणांनी: सैल बसलेला प्लग, घसरलेलं व्होल्टेज, नको त्या जागी लावलेला फ्यूज, काहीही न कळवता बंद होणारी बॅटरी. म्हणून इथे बॅटरीपेक्षा बॅटरी आणि उपकरण यांच्या मधल्या भागावर जास्त भर आहे.

## कोणत्या उपकरणांसाठी ही पेटी बांधू नये

मूल पूर्ण वेळ व्हेंटिलेटरवर असेल, म्हणजे मशीन थांबलं तर श्वास थांबणार असेल, तर घरी जोडलेली बॅटरी त्याच्यासाठी वापरू नका. त्या मशीनच्या कंपनीची बाह्य बॅटरी किंवा कंपनीने मान्य केलेला डीसी अडॅप्टरच घ्या. घरातला मोठा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही या पेटीचं काम नाही. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॉट सतत खेचतं, त्याला आठ तास चालवायला लागणारी बॅटरी उचलून नेण्याजोगी राहत नाही. ऑक्सिजनसाठी सिलिंडर हाच खरा पर्याय.

फीडिंग पंप, ऑक्सिमीटर, पोर्टेबल सक्शन आणि नेब्युलायझर यांच्यासाठी ही पेटी उत्तम. रात्रीपुरता बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) असेल, तर डॉक्टरांशी आणि मशीन पुरवणाऱ्या तंत्रज्ञाशी बोलूनच जोडायचा.

आणि पेटी कितीही चांगली झाली तरी तिच्या शेजारी विजेशिवाय चालणारं सामान असलंच पाहिजे: अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि मुलाच्या मापाचा मास्क, हाताने किंवा पायाने चालणारं सक्शन, गुरुत्वाने अन्न देण्यासाठी मोठी सिरिंज, आणि डॉक्टरांनी चालेल असं सांगितलं असेल तर नेब्युलायझरऐवजी इन्हेलर व स्पेसर. ही साधनं घरातल्या किमान दोघांना वापरता यायला हवीत. ती नसतील तर आधी ती आणा, पेटी मागाहून बांधता येईल.

एक काम मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका: उपकरण उघडून आतल्या बॅटरीला वायर जोडणं किंवा आतले सेल बदलणं. आतलं चार्जिंग सर्किट ठरावीक सेलसाठीच बनवलेलं असतं आणि अलार्मही त्याच हिशेबावर चालतात. पेटीची वीज उपकरणाच्या बाहेरच्या, त्यासाठीच दिलेल्या सॉकेटमधूनच आत गेली पाहिजे.

## उपकरण खरोखर किती वीज घेतं

अडॅप्टरवर छापलेला आकडा म्हणजे अडॅप्टरची कमाल ताकद. ‘१२ व्होल्ट, ५ अँपिअर’ लिहिलेल्या अडॅप्टरवर चालणारा फीडिंग पंप प्रत्यक्षात ८-१० वॉटच घेत असेल. त्या छापील ६० वॉटांवर हिशेब केला तर बॅटरी सहा-सातपट मोठी आणि जड होते. म्हणून मोजा. भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा वॉटमीटर पुरतो. डीसी बाजूला मोजायचं असेल तर वायरच्या मध्ये बसणारा डीसी वॉटमीटर घ्या.

मोजणी दोनदा करा: एकदा उपकरणाची आतली बॅटरी पूर्ण भरलेली असताना, एकदा ती बऱ्यापैकी उतरलेली असताना. उतरलेली बॅटरी भरण्यासाठी उपकरण जास्तीचे १०-३० वॉट ओढू शकतं, आणि बाहेरून परत आल्यावर नेमकी हीच स्थिती असते. पेटीला उपकरण जोडायचंच, तर त्याची आतली बॅटरी भरलेली असतानाच जोडा, म्हणजे पेटीतली वीज चार्जिंगवर वाया जात नाही.

साधारण अंदाज यावा म्हणून: फीडिंग पंप ५ ते १५ वॉट, टेबलावरचा ऑक्सिमीटर ३ ते १० वॉट, डीसीवर चालणारं पोर्टेबल सक्शन ३० ते ६० वॉट, कॉम्प्रेसर नेब्युलायझर ६० ते १५० वॉट (पण दहा मिनिटांपुरताच), बायपॅप २० ते ४० वॉट. बायपॅपचा गरम पाण्याचा ह्युमिडिफायर चालू असेल तर हाच आकडा सहज दुप्पट होतो. बॅटरीवर असताना ह्युमिडिफायर बंद ठेवून ओलावा राखणारा फिल्टर लावता येईल का, हे मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. काही मुलांच्या बाबतीत घट्ट स्रावामुळे ते चालत नाही.

आता हिशेब. ट्रेकिओस्टोमी (श्वासासाठी गळ्यातून केलेली वाट) असलेल्या मुलाची एक रात्र, दहा तास धरू.

फीडिंग पंप ८ वॉट × १० तास = ८० वॉट-तास.
ऑक्सिमीटर ४ वॉट × १० तास = ४० वॉट-तास.
सक्शन ४५ वॉट, दर वेळी दोन मिनिटं, वीस वेळा, म्हणजे ४० मिनिटं = ३० वॉट-तास.

बेरीज १५०. व्होल्टेज बदलणाऱ्या मधल्या कन्व्हर्टरमध्ये साधारण दहा टक्के उष्णतेत जातात, म्हणून ०.९ ने भागून १६७. मुलाला सर्दी झाली की सक्शन दुप्पट होतं, बॅटरी जुनी होते, थंडीत क्षमता घटते. या सगळ्यासाठी दीडपट धरून २५०. बॅटरीचा ८० टक्केच भाग वापरायचा म्हणून ०.८ ने भागून सुमारे ३१३ वॉट-तास. १२.८ व्होल्टने भागलं की २४.४ अँपिअर-तास. बाजारातलं जवळचं माप ३० अँपिअर-तासांचं, तेच घ्या. त्यात ३८४ वॉट-तास मावतात आणि वजन साधारण साडेतीन-चार किलो होतं.

हाच भार सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर टाकला तर तिची निम्मीच क्षमता वापरता येते. म्हणजे ५०० वॉट-तास, साधारण ४२ अँपिअर-तास, आणि वजन तेरा-चौदा किलो. त्यातही तिच्यावरचा अँपिअर-तासांचा आकडा वीस तासांत हळूहळू उतरवल्यावर मिळणारा असतो, भराभर उतरवली तर तेवढा मिळत नाही. एका जागी ठेवायची असेल तर चालेल. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात पेटी न्यायची असेल तर नको.

## बॅटरी कोणती

लिथियम आयर्न फॉस्फेट, चार सेलची, १२.८ व्होल्टची, आत बीएमएस बसवलेली तयार सीलबंद बॅटरी. सुटे सेल आणून घरी पॅक बांधू नका. लॅपटॉपमधून काढलेले १८६५० सेल तर मुळीच नकोत. त्यांचं रसायन वेगळं असतं, आतून शॉर्ट झाले की एकापाठोपाठ एक पेटतात आणि ती आग आवरत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट त्या मानाने बरंच शांत आहे आणि दोन हजारांहून अधिक वेळा भरता-उतरवता येतं.

बीएमएस हा बॅटरीचा रक्षक सर्किट बोर्ड. तो जास्त चार्ज, जास्त करंट, शॉर्ट आणि अति उतरणं रोखतो. मात्र तो बॅटरीला वाचवतो, उपकरणाला नाही. कोणताही सेल फार खाली गेला की तो क्षणात वीज तोडतो, आधी कसलीही सूचना न देता. मोटर हळूहळू मंदावेल, दिवा फिका पडेल, अशी वाट पाहू नका. तसं काही होत नाही. त्यासाठी वेगळा बझर लावायचा, तो पुढे येतोच.

बीएमएसची सतत करंट देण्याची क्षमता पाहून घ्या. वरच्या भाराला ३० अँपिअरची पुरेशी आहे.

## इन्व्हर्टर शक्यतो टाळा

बॅटरीची डीसी वीज इन्व्हर्टरने एसी करायची आणि उपकरणाच्या अडॅप्टरने पुन्हा डीसी करायची, यात दोनदा नुकसान होतं. त्याहून मोठी गळती दिसत नाही: लहान इन्व्हर्टर नुसता चालू असतानाच ५ ते १५ वॉट खातो. ८ वॉटच्या पंपासाठी ८ वॉट खाणारा इन्व्हर्टर रात्रभर चालवला की निम्मी बॅटरी त्याच्याच पोटात जाते.

म्हणून प्रत्येक उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत डीसी इनपुट शोधा. गाडीच्या सॉकेटवर चालण्यासाठी कंपनीची वायर मिळत असेल तर ती घ्या. पैसे जातात, पण त्यात व्होल्टेज, प्लग आणि पोलॅरिटी (धन-ऋण बाजू) हे तिन्ही प्रश्न सुटलेले असतात. काही उपकरणांच्या प्लगमध्ये अडॅप्टर ओळखण्यासाठी तिसरी पिन असते. ती ओळख पटली नाही तर मशीन चालत नाही किंवा चार्ज होत नाही. अशा ठिकाणी कंपनीच्या वायरला पर्याय नाही.

फक्त एसीवर चालणारा नेब्युलायझर असेल तर इन्व्हर्टर लागेल. तो शुद्ध साइन वेव्हचाच हवा. पायऱ्यापायऱ्यांची लहर देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसरची मोटर तापते आणि गुणगुणते. सुरू होताना मोटर चालू भाराच्या कित्येक पट करंट खेचते, म्हणून १०० वॉटच्या नेब्युलायझरला ३०० वॉटचा इन्व्हर्टर कमीत कमी. तो बॅटरीला वेगळ्या, जाड वायरने आणि स्वतःच्या फ्यूजने जोडा, आणि काम झालं की बंद करा.

तयार पॉवर स्टेशन किंवा पॉवर बँक वापरणाऱ्यांना एक गोष्ट हमखास नडते. भार फार कमी असला की ती ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून आपोआप बंद होतात. ऑक्सिमीटर आणि फीडिंग पंप नेमके इतकेच कमी वीज घेणारे. बचत मोड बंद करता येतो का ते आधी पाहा, आणि करता येत नसेल तर ते यंत्र या कामासाठी घेऊ नका.

## व्होल्टेजचा प्रश्न

‘बारा व्होल्ट’ बॅटरी कधीच नेमकी बारा व्होल्ट नसते. ही बॅटरी चार्ज होताना १४.४-१४.६ पर्यंत जाते, भरून थोडी विसावली की १३.३-१३.४ ला येते, बराच काळ १३ च्या आसपास राहते आणि शेवटी झपकन १० पर्यंत कोसळते. गाडीसाठी बनवलेलं सक्शन मशीन हा चढउतार सोसतं. १२ व्होल्टच्या स्थिर अडॅप्टरवर चालणारा पंप सोसेलच असं नाही. पुस्तिकेत इनपुट ‘१२ व्होल्ट’ एवढंच लिहिलं असेल, पल्ला दिला नसेल, तर तो स्थिर १२ व्होल्टच मागतो असं धरा आणि मध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर लावा. इनपुट वर असो वा खाली, हा कन्व्हर्टर बाहेर एकच व्होल्टेज देतो. नुसता बक (व्होल्टेज फक्त उतरवणारा) कन्व्हर्टर चालत नाही, कारण बॅटरी १२ च्या खाली गेली की त्याचं आउटपुटही खाली जातं. २४ व्होल्टच्या बायपॅपला १२ ते २४ चा बूस्ट (व्होल्टेज चढवणारा) कन्व्हर्टर लागतो. मोजलेल्या भाराच्या दुप्पट क्षमतेचा घ्या.

शक्यतो आउटपुट कायमचं ठरलेला कन्व्हर्टर घ्या. स्क्रूने व्होल्टेज बदलणारा स्वस्त बोर्ड घेतला तर प्रवासाच्या हादऱ्यांनी तो स्क्रू सरकतो आणि १२ चे १६ झालेले कळतही नाहीत. तोच वापरायचा असेल तर व्होल्टेज लावून झाल्यावर स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो पक्का करा.

आणखी एक. सक्शनची मोटर सुरू होताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर दबतं. पंप त्याच वायरवर असेल तर तो रीसेट होतो, आणि रात्री तीन वाजता पंप का अलार्म देतोय हे कुणाला कळत नाही. सक्शनची वायर बॅटरीपासून स्वतंत्र न्या. पंप आणि ऑक्सिमीटर यांना आपापला कन्व्हर्टर द्या, दोघांत एक नको.

## सामान

- लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तास
- तिचाच चार्जर, १४.४-१४.६ व्होल्ट, ५ अँपिअर
- वायरमध्ये बसणारा ब्लेड फ्यूज होल्डर, १५ अँपिअरचा फ्यूज
- चार मार्गांचा लहान फ्यूज ब्लॉक; ७.५, ३ आणि २ अँपिअरचे फ्यूज, प्रत्येकी तीन जास्तीचे
- डीसीसाठीचा २० अँपिअरचा मुख्य स्विच
- १२ व्होल्ट बक-बूस्ट कन्व्हर्टर, दोन
- शंटवाला बॅटरी मीटर (शंट म्हणजे वायरमधून किती करंट जातो ते मोजणारा तुकडा) आणि कमी व्होल्टेजचा बझर
- तांब्याची बहुतारी वायर: २.५ चौरस मिमी आणि १ चौरस मिमी, लाल-काळी
- खटक्याने बसणारे, उलटे न लागणारे कनेक्टर (अँडरसन किंवा एक्सटी६०)
- क्रिंप लग (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपणं), हीट-श्रिंक नळी, वायर बांधायच्या पट्ट्या
- झाकणाची प्लॅस्टिकची पेटी, फोम, बॅटरी आवळायचा पट्टा

हत्यारांत चांगलं क्रिंपिंग टूल आणि मल्टिमीटर हवंच. पक्कडीने दाबलेला लग म्हणजे उद्याचा सैल जोड.

वायर घेताना तिचं टोक खरवडून पाहा. आत चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. ती जास्त तापते आणि क्रिंपमध्ये सैल पडते. जाडीचं महत्त्व आकड्यांत पाहा: १ चौरस मिमीच्या एक मीटर लांब जोडवायरीत १० अँपिअरला सुमारे ०.३४ व्होल्ट गळतात, २.५ चौरस मिमीमध्ये ०.१४. वायर तीन मीटर लांब असेल तर पहिल्या वायरीत एक व्होल्टच गेला.

## जोडणी

पहिलं काम कागदावर: कोणती वायर कुठून कुठे जाते याचं चित्र काढा. ते पुढे झाकणाच्या आत चिकटवायचं आहे.

बॅटरी पेटीत फोमवर ठेवा आणि पट्ट्याने आवळा. पेटी आडवी पडली तरी बॅटरी हलता कामा नये. पेटीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना भोकं ठेवा, कन्व्हर्टरची उष्णता बाहेर जायला. लेड-अ‍ॅसिड बॅटरी घेतली असेल तर ती बंद पेटीत चार्ज करू नये, कारण तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो.

आता सगळी जोडणी बॅटरीला हात न लावता करायची, मुख्य फ्यूज काढून ठेवून.

१. बॅटरीच्या धन टोकासाठीच्या २.५ चौरस मिमी वायरला लग क्रिंप करा. जोर लावून ओढून पाहा. निघाला तर बरं झालं, आत्ता निघाला. सोल्डरचा डाग देऊ नका. डागाचं कथील तारांमध्ये चढून वायर कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते.

२. याच वायरवर, बॅटरीपासून १५-१८ सेंटिमीटरच्या आत, मुख्य फ्यूज होल्डर बसवा. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो पेटीच्या दुसऱ्या टोकाला बसवला तर मधली सगळी वायर उघडी पडते. ती घासून शॉर्ट झाली तर मध्ये अडवायला बीएमएसशिवाय काहीच उरत नाही.

३. फ्यूजनंतर मुख्य स्विच, स्विचनंतर फ्यूज ब्लॉक.

४. मीटरचा शंट ऋण वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ. सगळे ऋण धागे शंटच्या पलीकडच्या बाजूलाच यायला हवेत. एक जरी थेट बॅटरीला लागला तर त्या उपकरणाचा खर्च मीटरला दिसणार नाही.

५. फ्यूज ब्लॉकपासून सक्शनला २.५ चौरस मिमी वायर, ७.५ अँपिअर फ्यूज. पंपाच्या कन्व्हर्टरला १ चौरस मिमी, ३ अँपिअर. ऑक्सिमीटरच्या कन्व्हर्टरला १ चौरस मिमी, २ अँपिअर. फ्यूज नेहमी चालू भारापेक्षा थोडा मोठा आणि वायरच्या क्षमतेपेक्षा लहान. वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं हा उपाय नाही, का उडतो ते शोधा.

६. बझर मुख्य स्विचनंतर जोडा, म्हणजे पेटी बंद असताना तो बॅटरी खात बसणार नाही. त्याची पातळी सुरुवातीला १२.५ व्होल्ट ठेवा.

७. प्रत्येक आउटपुटसाठी वेगळ्या प्रकारचा कनेक्टर, जेणेकरून २४ व्होल्टची वायर १२ च्या उपकरणात जाऊच शकणार नाही. गाडीच्या लायटरसारखं सॉकेट दिसायला सोयीचं, पण त्यातला प्लग स्प्रिंगवर बसतो आणि हादऱ्यांनी सुटतो. मूल त्यावर अवलंबून असताना ते नकोच. कंपनीची वायर तशाच प्लगची असेल तर खटक्याने अडकणारं सॉकेट शोधा.

८. आता बॅटरीला जोडा: आधी धन, मग ऋण, शेवटी मुख्य फ्यूज. पाना वापरताना अंगठी, कडं काढून ठेवा.

उपकरण लावण्याआधी प्रत्येक आउटपुट मल्टिमीटरने तपासा. व्होल्टेज बरोबर आहे का, आणि उलटं तर नाही ना. गोल प्लगमध्ये मधली पिन धन की ऋण हे अडॅप्टरवरच्या छोट्या चित्रात असतं. या प्लगची बाहेरची मापं सारखी आणि आतली भोकं वेगळी असतात: ५.५ × २.१ आणि ५.५ × २.५ मिमी. २.५ चा प्लग २.१ च्या पिनवर बसतो, चालतोही, आणि वायर हलली की सुटतो. ‘मधूनमधून बंद पडतं’ अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हाच प्लग मोजा.

## चार्जिंग

लेड-अ‍ॅसिडचा जुना चार्जर लिथियमला लावू नका. त्यातला सल्फेट काढायचा मोड जास्त व्होल्टेजचे धक्के देतो आणि बीएमएसला वीज तोडायला लावतो. ५ अँपिअरचा चार्जर रिकामी ३० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण साडेसहा-सात तासांत भरतो. तापमान शून्य अंशाखाली असताना चार्ज करू नये, सेल कायमचे बिघडतात. उन्हात बंद गाडीत पेटी ठेवू नका.

बॅटरी पूर्ण उतरून बीएमएसने तोडली असेल तर टोकांवर शून्य व्होल्ट दिसतात आणि बरेच चार्जर ‘बॅटरीच नाही’ म्हणून सुरू होत नाहीत. बॅटरी मेलेली नसते. शून्य व्होल्टवरून जागं करण्याची सोय असलेला चार्जर लागतो, खरेदीच्या वेळीच तसा निवडा.

मुलाला उपकरण लागलेलं असताना पेटी चार्जिंगला लावावी का? बॅटरीवरची वीज भिंतीच्या विजेपासून पूर्ण अलग असते. चार्जर जोडला की ते अलगपण चार्जरच्या दर्जावर टिकतं. कंपनीचा वैद्यकीय अडॅप्टर वीजगळतीच्या कडक मर्यादेत बसवलेला असतो, सामान्य चार्जर नसतो. सोपा नियम: पेटी मुलापासून दूर, उपकरणं सुटी असताना भरायची. घरात वीज आली की उपकरणं आपल्या मूळ अडॅप्टरवर परत न्यायची, आणि मगच पेटी चार्जिंगला.

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत पेटी सिलिंडर आणि मास्कपासून निदान दोन मीटर लांब, जमिनीवर, उघड्यावर ठेवा. पांघरुणाखाली किंवा पाळण्यात कधीच नाही. कनेक्टर लावताना-काढताना ठिणगी उडू शकते, म्हणून ते स्विच बंद करूनच लावा-काढा.

## चाचणी

चाचणी तीन टप्प्यांत. पहिल्यांदा उपकरणाऐवजी गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब प्रत्येक आउटपुटवर आळीपाळीने अर्धा तास लावा. ऑक्सिमीटरच्या २ अँपिअरच्या वाटेवर १० वॉटचा बल्ब वापरा. भाराखाली व्होल्टेज मोजा, आणि प्रत्येक जोडाला हात लावून पाहा. गरम लागला तो जोड सैल आहे.

दुसऱ्यांदा खरी उपकरणं, पण मुलाला न जोडता. पंपातून पाणी भांड्यात सोडा. सक्शनची नळी अंगठ्याने बंद करून गेज पाहा: डॉक्टरांनी सांगितलेला दाब येतो का, आणि बॅटरी उतरत आल्यावरही येतो का. व्होल्टेज कमी पडलं की मोटर फिरते, आवाज तसाच येतो, पण ओढ कमी होते. ऑक्सिमीटर स्वतःच्या बोटाला लावून कन्व्हर्टर सुरू असताना आणि नसताना आकडे पाहा. फरक पडला किंवा आकडा उड्या मारू लागला तर कन्व्हर्टरचा विद्युत गोंगाट आत जातोय. सेन्सरची वायर कन्व्हर्टरपासून दूर नेऊन पाहा, नाहीतर कन्व्हर्टर बदला.

याच टप्प्यात बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत चालवा आणि दोन वेळा लिहून ठेवा: बझर कधी वाजला, आणि वीज प्रत्यक्ष कधी तुटली. मधलं अंतर निदान ४५ मिनिटं हवं. कमी असेल तर बझरची पातळी ०.१ व्होल्टने वर घ्या आणि पुन्हा पाहा. या रसायनाचं व्होल्टेज अर्ध्याअधिक काळ जवळपास सपाट राहतं, त्यामुळे १३.१ दिसतंय म्हणजे किती उरलं हे व्होल्टमीटर सांगू शकत नाही. शंटवाला मीटर यासाठीच आहे, आणि तोही बॅटरी पूर्ण भरल्यावर दर वेळी शंभरावर आणावा लागतो.

तिसरा टप्पा: मुलाला जोडून, दिवसा, घरात वीज असताना, कुणीतरी पूर्ण वेळ शेजारी बसून. हे झाल्याशिवाय पेटी घेऊन बाहेर पडू नका.

त्यानंतर महिन्यातून एकदा अर्धा तास भार लावून पाहणं आणि मग पूर्ण भरणं. वर्षातून दोनदा पूर्ण उतरवण्याची चाचणी. पहिल्या वेळेच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी चालली की बॅटरी बदला. एरवी ती बॅटरी अजून बरीच वर्षं चालली असती, पण या कामासाठी नाही.

झाकणाच्या आत जोडणीच्या चित्राशेजारी एवढं मोठ्या अक्षरांत लिहा: कोणतं उपकरण कोणत्या सॉकेटला, प्रत्येक फ्यूज किती अँपिअरचा, पूर्ण भरल्यावर किती तास, बझर वाजल्यावर किती मिनिटं, शेवटची चाचणी कधी. ते घरातल्या ज्या माणसाने पेटी बांधली नाही त्याला वाचायला द्या आणि उपकरणं जोडून दाखवायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे लिहिलेलं बदला.

## विमानाने जाताना

ही पेटी विमानात नेता येत नाही. प्रवाशाला सुटी लिथियम बॅटरी १०० वॉट-तासांपर्यंत हातातल्या सामानात नेता येते. १०० ते १६० वॉट-तासांच्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या परवानगीने जास्तीत जास्त दोन. त्याहून मोठी नाही. ३८४ वॉट-तासांची बॅटरी चेक-इन सामानातही टाकता येत नाही, कारण सुटी लिथियम बॅटरी तिथे चालतच नाही. प्रवासासाठी उपकरणाच्या कंपनीच्या लहान बॅटऱ्या घ्या. त्यांवर वॉट-तास स्पष्ट छापलेले हवेत, टोकं झाकलेली हवीत, आणि डॉक्टरांचं पत्र सोबत हवं. तिकीट काढण्याआधी विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागाला कळवा आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या. आसनाच्या सॉकेटमधून वीज मिळेलच असं धरू नका. उड्डाणाच्या वेळेची दीडपट बॅटरी हातात असली पाहिजे, कारण विमान धावपट्टीवर थांबून राहिलं तर तो वेळही त्यातच मोजायचा असतो.